युरोच्या कायमस्वरूपी तिजोरीतला मूळ दोष

युरोपियन स्टॅबिलिटी मेकॅनिझम म्हणजे युरो वापरणाऱ्या देशांची संकटकाळातली कायमची तिजोरी. तिच्यात पैसा पुरेसा आहे. दोष आहे तो ती ज्या कायदेशीर वाटेने उभी राहिली त्या वाटेत, असं माझं ठाम मत आहे.

२०१० साली ग्रीसला कर्ज द्यायची वेळ आली तेव्हा युरोपीय करारातलं कलम १२५ आडवं आलं: एका देशाचं देणं दुसऱ्याने अंगावर घ्यायचं नाही. तात्पुरती सोय म्हणून ४४० अब्ज युरोपर्यंत कर्ज देऊ शकेल अशी एक कंपनी लक्झेंबर्गमध्ये काढली गेली. पण जर्मनीला कार्ल्सरूहच्या घटनात्मक न्यायालयात टिकेल असा आधार हवा होता, म्हणून करारच बदलायचं ठरलं.

रीतसर दुरुस्तीत वर्षं गेली असती, कुठे सार्वमतही घ्यावं लागलं असतं. म्हणून सोपी पद्धत निवडली. तिची अट अशी की युरोपियन युनियनचे अधिकार वाढता कामा नयेत. त्यामुळे २५ मार्च २०११ च्या निर्णयाने कलम १३६ ला दोनच वाक्यं जोडली गेली: युरो वापरणारे देश अशी यंत्रणा उभारू शकतात, आणि मदत कडक अटींवरच मिळेल. युनियनच्या हाती काहीच नवं आलं नाही. गाडं इथेच अडलं.

मग देशांनी युनियनच्या चौकटीबाहेर वेगळा करार केला. सुरुवातीचं भांडवल ७०० अब्ज युरो. त्यातले ८० अब्ज रोख भरायचे, ६२० अब्ज मागितल्यावर द्यायचे. कर्ज द्यायची मर्यादा ५०० अब्ज. ७०० आणि ५०० मधला फरक मुद्दाम ठेवला आहे, कारण पैसा रोखे विकून उभा करायचा आणि त्या रोख्यांना वरचं मानांकन हवं. रोख्यांची परतफेड चुकायची वेळ आली, तर मागणी पोचल्यापासून सात दिवसांत सदस्य देशांनी पैसे भरायचे. मोठे निर्णय मात्र एकमताने. तातडीच्या प्रसंगी ८५ टक्के मतं चालतात, पण तिथेही जर्मनी, फ्रान्स किंवा इटली एकट्याने अडवू शकतात.

आणि एवढं करून ती दुरुस्ती अटळ होती का? नाही. करार २७ सप्टेंबर २०१२ ला लागू झाला, दुरुस्ती १ मे २०१३ ला. मधल्या काळात, आयरिश खासदार प्रिंगल यांनी या तिजोरीविरुद्ध लढलेल्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने सांगून टाकलं की देशांना हा अधिकार आधीपासूनच होता.

त्या वाटेची किंमत २०२३ मध्ये दिसली. डबघाईला आलेल्या बँकांसाठीच्या सामायिक निधीला या तिजोरीचा शेवटचा आधार द्यायचा, अशी सुधारणा २०२१ मध्ये सगळ्या सदस्य देशांनी सह्या करून मान्य केली होती. २१ डिसेंबर २०२३ ला इटलीच्या प्रतिनिधीगृहाने ती फेटाळली आणि प्रत्येक देशाची मंजुरी लागत असल्याने सगळ्यांचीच सुधारणा अडकली.

युरोपीय आयोगाने डिसेंबर २०१७ मध्ये ही तिजोरी युनियनच्या कायद्यात आणायचा मसुदा मांडला होता: मदतीचे ठराविक निर्णय ८५ टक्के मतांनी घ्यायचे आणि युरोपीय संसदेला जाब द्यायचा. तो मसुदा पुन्हा टेबलावर यायला हवा, तोही पुढचं संकट दारात येण्याआधी.