इशारे बंदच ठेवा

ओरॅकल डेटाबेसवर पीएल/एसक्यूएल या भाषेत प्रोग्रॅम लिहिणाऱ्या बंधुभगिनींनो, 'पीएलएसक्यूएल वॉर्निंग्ज (कोड कंपाइल करताना कंपायलर देतो ते इशारे) चालू कर' असा सल्ला देणारा सहकारी भेटला, तर त्याच्यापासून चार हात लांब राहा. ही सोय २००३ सालच्या १०जी आवृत्तीपासून आहे आणि मुळातच 'डिसेबल ऑल', म्हणजे सगळे इशारे बंद, अशी येते. खुद्द कंपनीने गप्प बसवलेल्या कंपायलरला बोलतं करणारे आपण कोण?

प्रत्येक प्रोसिजरच्या तळाशी 'व्हेन अदर्स देन नल' (कोणतीही चूक झाली तरी काहीच करू नको) न विसरता लिहा. टेबलस्पेस (डेटा साठवायची जागा) भरू दे, आकड्याच्या जागी अक्षरं येऊ देत, एकदाच यायला हवी ती युनिक की दुसऱ्यांदा आदळू दे. प्रोसिजर हसतमुखाने परत येते. रात्रीचा जॉब 'सक्सेस', मॅनेजरच्या डॅशबोर्डवर हिरवा ठिपका. कोणाचा पगार जमा झाला नाही ते एक तारखेला कळेलच, पण ती डोकेदुखी अकाउंट्सची. ११जी आल्यावर कंपायलरला यातही खुसपट काढायची बुद्धी झाली: पीएलडब्ल्यू-०६००९, म्हणे अदर्सच्या हँडलरचा शेवट 'रेझ'ने (चूक पुढे कळवण्याने) होत नाही. अहो, होऊ नये म्हणूनच तर तो लिहिला!

पॅरामीटरला नाव देताना डोकं शिणवू नका, कॉलमचंच नाव ठेवा. 'डिलीट फ्रॉम एम्प व्हेअर डेप्टनो = डेप्टनो' (एम्प म्हणजे कर्मचाऱ्यांचं टेबल, डेप्टनो म्हणजे विभाग क्रमांक). तुम्ही बाहेरून १० पाठवा, २० पाठवा. ओरॅकल एसक्यूएलमध्ये आधी कॉलमला मान देतो, त्यामुळे दोन्ही बाजूंना कॉलमच उभा राहतो. एका विभागाऐवजी सगळं कार्यालय रिकामं होतं. वाचतात ते फक्त डेप्टनो नल असलेले, म्हणजे कोणत्याच विभागात नसलेले लोक. (प्रत्यक्षातही कपातीत हेच टिकतात म्हणा.) पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवाल्यांची मात्र कीव येते. ९.० पासून तिथे अशी क्वेरी चालवायला गेलं की 'अँबिग्युअस' (दोन अर्थ निघतात) म्हणत अडून बसते. त्यातल्या त्यात एक दिलासा आहे: क्वेरीचं उत्तर व्हेरिएबलमध्ये घेणाऱ्या 'सिलेक्ट इंटू'ला 'स्ट्रिक्ट' (नेमकी एकच ओळ हवी) जोडलं नाही, तर दहा ओळी सापडल्या तरी तिथे पहिली मुकाट घेतली जाते. तेव्हा तिथले जादा इशारेही चालू करू नका. तेही सुदैवाने बंदच येतात.

मोबाइल नंबरचा कॉलम व्हारकॅर२ (मजकुराचा प्रकार) असेल, तर व्हेरिएबल आवर्जून नंबर प्रकारचा घ्या. तुलना करण्यासाठी ओरॅकल कॉलमचाच आकडा करत बसतो, शोध झटपट करणारा इंडेक्स बाजूला राहतो आणि अख्खं टेबल चाळलं जातं. यावर ०७२०४ क्रमांकाची कुरकुर आहे. ती ऐकलीत तर क्वेरी झटकन चालेल आणि नव्या सर्व्हरचं कोटेशन मागवायला कारणच उरणार नाही.

खरी भीती टीममध्ये नव्या आलेल्या उत्साही पोराची. तो एखाद्या दिवशी ०६००९ ला इशाऱ्यावरून थेट एररवर चढवतो, मग कोड कंपाइलच होत नाही. पण घाबरू नका. ही सेटिंग प्रत्येक युनिटबरोबर (प्रोसिजर किंवा त्यांचा गठ्ठा म्हणजे पॅकेज) साठवलेली असते आणि इशारे फक्त कंपाइल करताना निघतात. दहा वर्षांपूर्वीच्या पॅकेजला हात लावू नका. लावावाच लागला, तर 'अल्टर पॅकेज ... कंपाइल'च्या शेवटी 'रीयूज सेटिंग्ज' जोडा. पोरगा सेशनमध्ये काय वाट्टेल ते चालू करो, पॅकेज आपल्या जुन्या 'डिसेबल ऑल'वरच कंपाइल होईल आणि स्क्रीनवर येईल फक्त 'पॅकेज अल्टर्ड'.