पायपेटी आली का?

गेली पाच वर्षं मी विमान मनगटाने वळवत होतो. खरं विमान नव्हे. आमच्या हिचा माझ्या स्कूटर चालवण्यावरही फारसा विश्वास नाही. हे विमान सिंहगड रोडवरच्या आमच्या फ्लॅटच्या लहान बेडरूममध्ये, इस्त्रीला द्यायच्या कपड्यांच्या गाठोड्याशेजारी उभं असतं. २०२० च्या ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टने नवा फ्लाइट सिम्युलेटर, म्हणजे कॉम्प्युटरवर विमान उडवायचा खेळ, आणला, तेव्हा सगळे घरात कोंडलेले होते. शेजारपाजारचे लोक डालगोना कॉफी घुसळत होते आणि मी लोहगावच्या धावपट्टीवर सेसना १७२ हे एका पंख्याचं छोटं विमान उभं करून, लहानपणी गच्चीवरून विमानांना केलेले सगळे टाटा वसूल करत होतो.

या सेसनाला एक खोड आहे. पूर्ण जोर दिला की ती सरळ धावत नाही, डावीकडे ओढ घेते. तिच्या नाकावरचा पंखा चालकाच्या जागेवरून पाहिला तर घड्याळाच्या काट्यांसारखा फिरतो. त्याने मागे फेकलेली हवा मळसूत्रासारखी विमानाच्या अंगाला वेढे घालत जाते आणि शेपटीच्या उभ्या पंखाला डावीकडून धडकते. शेपटी उजवीकडे, नाक डावीकडे. आणखीही दोन-तीन कारणं आहेत आणि ती सगळी एकमुखाने डावीकडेच ओढतात. उपाय एकच. उजव्या पायाने पेडल दाबायचं, म्हणजे शेपटीवरचा रडर, त्या उभ्या पंखाचा हलता भाग, वळतो आणि नाक जागेवर येतं. जगभरातले उड्डाणशिक्षक आयुष्यभर शिकाऊंच्या कानाशी हेच ओरडत असतात: उजवा पाय, आणखी उजवा पाय.

माझ्याकडे पेडल नव्हतं. माझ्याकडे मूठ पिळायची जॉयस्टिक होती. मूठ पिळली की रडर हलतो, पण पिळताना ती थोडी कलतेच आणि मग विमानही कलतं. नाक सरळ करावं तर पंख वाकडा, पंख सरळ करावा तर नाक वाकडं. पाच वर्षांत मी लोहगावच्या आजूबाजूचं इतकं गवत तुडवलं की तिथे गुरांना काही उरलं नसेल.

चौथ्या मजल्यावरचे काका हवाई दलातून निवृत्त झालेले. ते वैमानिक नव्हते, जमिनीवरच्या तांत्रिक विभागात होते आणि म्हणूनच वैमानिकांविषयी त्यांची मतं पक्की आहेत. एकदा ते मेंटेनन्सची पावती द्यायला आले आणि मागे उभे राहून माझं उड्डाण बघत बसले. विमान पट्टी सोडून गवतात गेल्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, "पाय कुठेत तुझे?"

मी खाली बघितलं. मी खुर्चीवर मांडी घालून बसलो होतो.

"मांडी घालून विमान उडवणारा पहिलाच माणूस बघतोय," काका म्हणाले.

मी त्यांना इतिहास ऐकवला. १५ जुलै १९५३ रोजी बीओएसी या ब्रिटिश कंपनीचं कॉमेट, म्हणजे त्या काळातलं जगातलं सगळ्यात आधुनिक जेट, सांताक्रूझला उतरायचं ते चुकून शेजारच्या जुहूच्या चिमुकल्या धावपट्टीवर उतरलं. १९७२ मध्ये जपान एअरलाइन्सच्या डीसी-८ विमानाने परत तीच चूक केली. त्या वैमानिकांकडे पेडलं होती की!

"कॉमेटवाला चुकीच्या पट्टीवर उतरला," काका म्हणाले, "पण पट्टीवर उतरला."

त्या रात्रीच मी रडर पेडल शोधायला बसलो.

या बाजारात तीन जाती आहेत. पहिली प्लास्टिकची. स्वस्त, हलकी, आणि दोन पावलांमध्ये अंतर इतकं कमी की बसणाऱ्याचे गुडघे एकमेकांना नमस्कार करतात. तिसरी जात युरोपातल्या छोट्या कारखान्यांतली, क्रोएशियाची, पोलंडची, लिथुआनियाची. ती अस्सल धातूची, वजनदार, तेल पाजलेल्या बिजागरीसारखी सरकणारी. किंमत रुपयांत बदलून बघितली आणि लॅपटॉप मिटून पाणी प्यायलो. तेवढ्यात जुनी का होईना, दुचाकी येते. राहिली मधली जात. सामान्य माणसाचा जन्मच मुळी मधल्या जातीतली वस्तू घेण्यासाठी झालेला असतो. मी कुठली घेतली ते सांगत नाही. पुढे जे झालं त्यात तिची चूक नव्हती.

पण मधल्या जातीतही पोटभेद आहेत. पेडल किती दाबलं गेलं हे मोजायला आत काय आहे, यावरून घरं फुटतील इतके वाद. पोटेन्शियोमीटर म्हणजे जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणात असायचा तोच. धूळ गेली की खरखर. रेडिओत ती कानाला कळते, विमानात शेपटीला कळते. शेपूट आपोआप थरथरायला लागते. दुसरा हॉल सेन्सर. एडविन हॉल नावाच्या माणसाने १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामावर तो चालतो. लोहचुंबक फक्त जवळून जातो, कशाला घासत नाही, त्यामुळे झिजत नाही. पुण्यातली धूळ डोळ्यांसमोर आणून मी एडविन हॉलना मत दिलं.

मग टो ब्रेक. विमानाचं पेडल पुढे ढकललं की रडर, आणि त्याचाच वरचा भाग चवड्याने दाबला की त्या बाजूच्या चाकाचा ब्रेक. म्हणजे एकाच पावलाने दोन कामं, टाचेकडून एक आणि बोटांकडून दुसरं. मला तबल्याच्या परीक्षेत डग्गा आणि तबला एकाच वेळी वाजवता आला नव्हता, तरी मी टो ब्रेकवालंच हवं असं ठरवलं.

यूट्यूबवरच्या सगळ्या परीक्षकांचा एक प्रश्न मात्र माझ्या कामाचा नव्हता: बूट घालून चालवायचं की मोज्यांवर? त्यांच्याकडे लोक घरभर बूट घालून हिंडतात. आमच्याकडे बूट उंबऱ्याच्या आत आला तर विमान तर सोडाच, पोळीही उठत नाही. मी अनवाणी वैमानिक. अनवाणी पायाला कुठलं पेडल बरं, यावर जगात कुणीही एक शब्द काढलेला नाही.

घरी मी हा विषय रविवारी, मटार उसळ पानात पडल्यावर काढला. हिने विचारलं, "याने नेमकं काय होतं?"

"विमान सरळ धावतं."

"आणि किमतीने?"

उत्तरातून मला आईने वाचवलं. ती मध्येच म्हणाली, "म्हणजे पायपेटीच की रे!" आईचे वडील गावच्या नाटक मंडळीत पायपेटी वाजवायचे. दोन्ही पायांनी भाता मारायचा, वर बोटं मोकळी. "आमचे अण्णा असेच पाय मारत बसायचे. घ्या, घ्या. घरात पेटी असावी." आईची समजूत मी दूर केली नाही. उसळीबरोबर मंजुरी मिळत असेल तर खुलासे कशाला करा?

ऑर्डर दिली मंगळवारी. 'चार ते सहा दिवस' असं लिहिलं होतं. त्यातले पहिले दोन दिवस मी कुठलंच उड्डाण केलं नाही. नवरीने हळद लागल्यावर घराबाहेर पडू नये, तसं. तिसऱ्या दिवशी मोबाइलवर आलं: वस्तू भिवंडीला पोचली. चौथ्या दिवशी: वस्तू भिवंडीत आहे. पाचव्या दिवशी: वस्तू भिवंडीहून निघाली. सहाव्या दिवशी मी ऑफिसातून लवकर निघालो आणि वाटेत, नळ स्टॉपच्या सिग्नलला, संदेश आला: वस्तू भिवंडीला पोचली.

रोज संध्याकाळी आई विचारायची, "पायपेटी आली का?"

"भिवंडीत आहे."

"तिथे काय करतेय?"

महाराष्ट्रातल्या प्रत्येक घराच्या काही ना काही वस्तू भिवंडीच्या गोदामांत बसलेल्या असतात, पण त्या बसून काय करतात ते कुणालाच ठाऊक नाही. कुरिअरच्या मदत क्रमांकावर एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, आपलं पार्सल प्रवासात आहे." मी म्हटलं, "ताई, ते आठवडाभर एका जागी आहे." ती म्हणाली, "हो सर, तिथेच प्रवासात आहे."

दहाव्या रात्री मला राहवेना. सगळे झोपल्यावर मी लोहगावहून सेसना काढली, गवतातून पट्टीवर आणली आणि वायव्येला नाक धरून भिवंडीला निघालो. सेसना ताशी सव्वादोनशे किलोमीटरने जाते, अंतर सरळ रेषेत सव्वाशेच्या आत. चढाई धरून पाऊण तास. सह्याद्रीचा कडा पायाखालून सरकला, डावीकडे माथेरानचं पठार दिसलं, कल्याण आलं, उल्हास नदी ओलांडली. या सिम्युलेटरमधली जमीन बिंग मॅप्सच्या उपग्रहछायाचित्रांवरून रचलेली असते, त्यामुळे भिवंडीची गोदामं खरोखरच्या जागीच होती. निळी, पांढरी, राखाडी छपरं, मैलोन् मैल. मी हजार फुटांवरून घिरट्या घातल्या. यांतल्या कुठल्यातरी एका पत्र्याखाली माझी पेडलं होती. एक डावं, एक उजवं. मी त्यांना पंख हलवून दाखवले. मूठ पिळल्यामुळे नाकही हललं, पण भावना पोचली असावी.

मागे दार वाजलं. ही पाणी प्यायला उठली होती.

"रात्री दीडला काय करतोयस?"

"भिवंडीला आलोय."

ती काही बोलली नाही. वीस वर्षांच्या संसारात माणूस कुठल्या प्रश्नाचा पाठपुरावा करायचा नाही हे शिकतो.

चौदाव्या दिवशी पार्सल पुण्यात आलं. पंधराव्या दिवशी संदेश: 'आम्ही आलो होतो, दार बंद होतं.' त्या वेळी घरात आई, ही, मुलगी, कामवाल्या मावशी आणि गॅस सिलिंडरवाला एवढे लोक होते, आणि दार सिलिंडरसाठी सताड उघडं होतं. सोळाव्या दिवशी फोन आला. "सर, तुम्ही हडपसरला ना?" मी त्याला मारुतीचं देऊळ, त्याच्यासमोरची पिठाची गिरणी, गिरणीच्या बोळातून तिसरी बिल्डिंग असं सांगत आणलं. मी ऑफिसात, तो गेटवर, ओटीपी माझ्या मोबाइलवर आणि माझा मोबाइल मीटिंगमध्ये पडद्याला जोडलेला. आकडे आमच्या अख्ख्या विभागाने वाचले. शेवटी वरिष्ठांनीच म्हटलं, "सांगा त्याला, सात-एक-शून्य-चार."

घरी पोचलो तेव्हा आईने खोका रिकामा करून माळ्यावर टाकायला काढला होता. आतलं थर्माकोल तिने वेगळं ठेवलं होतं, मखरासाठी. २०१८ मध्ये बंदी आली आहे म्हटलं, तर म्हणाली, "विकत आणायला बंदी आहे. हे आपणहून आलंय."

पेडलं टेबलाखाली मांडली. लोहगाव, पूर्ण जोर. सेसनाने डावीकडे ओढ घेतली, मी आयुष्यात पहिल्यांदा उजवा पाय दाबला आणि विमान आहे तिथेच राहून मी मागे गेलो. खुर्चीला चाकं आहेत. गुळगुळीत फरशीवर मी कपाटापर्यंत गेलो आणि तिकडे पेडलं भिंतीपर्यंत गेली. क्रिया आणि प्रतिक्रिया समान असतात हे शाळेत पाठ केलं होतं; अनुभव पंचेचाळिसाव्या वर्षी आला.

खुर्चीचा प्रश्न लवकर सुटला: पाच चाकांखाली पाच जुन्या चपला. पेडलांना मात्र मागून काहीतरी जड हवं होतं. घरात तेवढी जड वस्तू एकच, गॅलरीतला आजीचा पाटा. मी तो उचलायला वाकलो आणि आईचा आवाज आला, "पाट्याला पाय लावणारेस?"

मी म्हटलं, पाय पेडलाला लागणार, पेडल पाट्याला. त्यावर घरात अर्धा तास चर्चा झाली. विद्युतप्रवाहासारखा पायही एका वस्तूतून दुसरीत वाहतो का, हा मुद्दा होता. अखेर पाटा आणि पेडलं यांच्यामध्ये वर्तमानपत्राची घडी ठेवावी आणि शनिवारी वाटणासाठी पाटा परत मिळावा, यावर तडजोड झाली.

काका खास बघायला आले. ही, मुलगी, मावशी, सगळे दारात. मी जोर दिला. "उजवा," काका म्हणाले. मी दाबला. "अरे इतका नाही! डावा! डावा!" मी डावा दाबला, चवडाही दाबला गेला, डावं चाक अडकलं आणि सेसना लट्टूसारखी गरकन फिरून गवतात शिरली. आता सांगायला पेडल नसल्याचं कारणही उरलं नव्हतं. सगळे पांगले. काका जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "गवत ओळखीचं दिसतंय."

मी पाणी प्यायला गेलो. परत आलो तर आई खुर्चीवर बसलेली. पदर खोचलेला, दोन्ही पावलं पेडलांवर, डोळे अर्धे मिटलेले, आणि पाय एका लयीत, डावा, उजवा, डावा, उजवा. पडद्यावर गवतात रुतलेली सेसना शेपटीचा रडर दोन्हीकडे हलवत होती.

आईने पाय थांबवले, कान दिला, परत दोनदा मारले.

"आवाजच नाही रे," ती म्हणाली. "भाता फाटलाय. पाठव परत भिवंडीला."