‘रोज थोडं जास्त चाला, थकवा पळून जाईल’: या सल्ल्याचं काय चुकतं

क्रॉनिक फटीग सिंड्रोमबद्दल एक मजकूर वरचेवर फिरत असतो. शब्द बदलतात, गाभा तोच. ताप येऊन गेला, माणूस पडून राहिला, स्नायू ढिले पडले, मग हालचालीचीच धास्ती बसली. शरीरात बिघाड काही नाही, म्हणून तर रिपोर्ट नॉर्मल येतात. उपाय सोपा: विश्रांती कमी करा, रोज थोडं जास्त चाला, आजार डोक्यातून काढून टाका. संशोधनाने हे सिद्ध केलंय आणि अमुकतमुक याच वाटेने खडखडीत बरे झालेत.

यातली काही विधानं अर्धी खरी आहेत, म्हणूनच मजकूर पटतो. एकेक घेऊ.

‘थकवा काय, सगळ्यांनाच येतो’

येतो. पण हा आजार नुसत्या थकव्यावरून ओळखलाच जात नाही. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ साली मांडलेल्या निकषांत तीन गोष्टी असाव्याच लागतात: सहा महिन्यांहून जास्त काळ कामाची कुवत ठळकपणे घटलेली आणि सोबत थकवा, झोपून उठल्यावरही शीण न जाणं, आणि श्रमानंतर सगळी लक्षणं उसळणं. शिवाय डोक्यात धुकं साचणं किंवा उभं राहिल्यावर त्रास होणं, यातलं एक तरी. खरी खूण म्हणजे ते उसळणं. रुग्ण त्याला क्रॅश म्हणतात.

केस धुणं घ्या. पंधरा मिनिटं उभं राहायचं, हात डोक्याच्या वर, अंगावर गरम पाणी. उभं राहिल्याने रक्त पायांकडे उतरतं, गरम पाण्याने रक्तवाहिन्या सैलावतात आणि ते आणखी उतरतं, वर धरलेले हात हृदयाला जादा कामाला लावतात. सोमवारी हे निभतं, कधी तर छान हलकंही वाटतं. मंगळवारी संध्याकाळी नाहीतर बुधवारी सकाळी घसा खवखवू लागतो, अंगात कणकण भरते, उजेड सोसत नाही, समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरायला होते. दमलेला निरोगी माणूस रात्रभर झोपला की ताजा होतो. इथे वसुली बहुधा १२ ते ४८ तासांनी दारात येते आणि फेडायला दिवस, कधी आठवडे जातात. मंगळवारी तर काहीच केलं नव्हतं, मग आज असं का, हा प्रश्न रुग्णाला पडतो तो या उशिरामुळे.

‘रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे आजार नाही’

नेहमीचे रिपोर्ट बहुतेकदा नॉर्मल येतात, एवढं खरं. पण ते या आजारासाठी केलेलेच नसतात. हिमोग्लोबिन, फेरिटिन, टीएसएच, बी१२, एचबीए१सी, कॅल्शियम, सीआरपी, सीके, किडनी-लिव्हर, सिलिअ‍ॅकची चाचणी, घोरणाऱ्याची स्लीप अ‍ॅप्नियासाठी तपासणी: हे सगळं थकव्याची दुसरी कारणं वगळण्यासाठी असतं. ते करावंच, कारण त्यातली अनेक कारणं औषधाने सुटतात. या आजाराची पक्की खूण दाखवणारी रक्ततपासणी अजून नाही, पण रक्तात सापडत नाही म्हणून आजारच नाही, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर झालेल्या डीकोडएमई अभ्यासात १५,५७९ रुग्णांचे जनुकीय नमुने तपासले गेले आणि जनुकसंचातल्या आठ जागी निरोगी लोकांपेक्षा फरक आढळला. त्यातून निदान करता येत नाही, पण ‘नुसता मनाचा खेळ’ म्हणणाऱ्यांनी हे आठ फरक कुठे बसवायचे ते सांगावं.

उभं राहण्याचा त्रास मात्र साध्या उपकरणांनी मोजता येतो, आणि हीच तपासणी बहुतेकदा राहून जाते. शांतपणे दहा मिनिटं उताणं पडायचं, नाडी आणि रक्तदाब लिहायचा. मग उभं राहायचं: टाचा भिंतीपासून साधारण १५ सेंटीमीटर पुढे, पाठीचा वरचा भाग भिंतीला टेकलेला, पाय स्थिर. दहा मिनिटं दर मिनिटाला नाडी आणि रक्तदाब नोंदवायचा. शेजारी कुणीतरी हवंच, आणि भोवळ येतेय असं वाटलं की तिथेच थांबायचं. रक्तदाब न घसरता नाडी मिनिटाला ३० किंवा त्याहून जास्त ठोक्यांनी वाढून तशीच राहिली (१२ ते १९ वयात ४०), तर पॉट्सचा, म्हणजे उभं राहताच नाडी फार वाढण्याच्या विकाराचा, संशय घेऊन डॉक्टरांना तो कागद दाखवावा. इथे चूक होते ती अशी: पायांची चाळवाचाळव केली की पोटऱ्या रक्त वर ढकलतात आणि आकडे खोटे चांगले दिसतात. पॉट्स निघाला तर पाणी, मीठ, दाबमोजे, औषधं असे उपाय आहेत. मीठ मात्र रक्तदाब किंवा किडनीचा त्रास असलेल्यांनी आपल्या मनाने वाढवू नये.

‘स्नायू ढिले पडले आणि भीती बसली, बाकी काही नाही’

पडून राहिल्याने ताकद जाते, यात वाद नाही. वाद आहे तो ते मूळ कारण आहे का, यावर. ऑस्ट्रेलियात डबो इथे ग्रंथिज्वर, क्यू फीवर आणि रॉस रिव्हर विषाणू यांपैकी एक संसर्ग झालेल्या २५३ जणांवर लक्ष ठेवलं गेलं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत सहा महिन्यांनी सुमारे ११ टक्के लोक या सिंड्रोमच्या निकषांत बसत होते. आजार कुणाला चिकटेल याचा अंदाज सुरुवातीचा ताप किती जोरदार होता यावरून बांधता आला. स्वभाव किंवा आधीचा मानसिक त्रास यांवरून नाही.

दुसरा पुरावा सायकलवरचा. ऑक्सिजनचा मुखवटा लावून पूर्ण ताकदीची चाचणी घ्यायची आणि २४ तासांनी तीच पुन्हा घ्यायची. बैठं काम करणारा, व्यायामाची सवय नसलेला निरोगी माणूस दोन्ही दिवशी जवळपास सारखेच आकडे देतो. या रुग्णांच्या गटांत मात्र दुसऱ्या दिवशी श्वसनाचा उंबरठा (जिथून पुढे श्वास एकदम वेगाने वाढतो ती पातळी) कमी कामावरच गाठला जातो. निव्वळ ढिलाई असती तर पहिल्या दिवशीही आकडे तितकेच वाईट आले असते. (ही चाचणी हौसेने करून घेण्यासारखी नाही. तिनेच मोठा क्रॅश येऊ शकतो.)

‘संशोधनाने सिद्ध झालंय’

इथे बोट दाखवलं जातं ते ब्रिटनमधल्या पेस चाचणीकडे. ६४१ रुग्ण, चार गट, २०११ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध. टप्प्याटप्प्याने वाढवत नेलेला व्यायाम आणि सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारी समुपदेशनाची पद्धत) हे दोन्ही उपचार लाभदायक, असा निष्कर्ष. २०१३ च्या पुढच्या लेखात या दोन्ही गटांत २२ टक्के लोक ‘बरे’ झाल्याचं म्हटलं गेलं. आकडा ऐकायला भारी वाटतो, म्हणून मोजपट्टी पाहू.

शारीरिक क्षमतेचा गुणांक शून्य ते शंभर असतो. चाचणीत घेण्याइतका आजारी कोण, तर ६५ किंवा त्याहून कमी गुण असलेला. बरा कोण, तर मूळ आराखड्यात ८५ किंवा जास्त. नंतर हा आकडा ६० वर आणला गेला. म्हणजे ६५ वर आत आलेला आणि वर्षभरात ६० पर्यंत घसरलेला माणूस या एका निकषावर ‘बरा’ ठरू शकत होता. चाचणीची मूळ माहिती खुली करण्याचा आदेश २०१६ साली एका रुग्णाच्या अर्जावरून लवादाने दिला. २०१८ साली मूळ आराखड्याप्रमाणे फेरमांडणी झाली तेव्हा बरे होण्याचं प्रमाण सीबीटीत ७ टक्के, व्यायामात ४, आणि फक्त नेहमीच्या वैद्यकीय देखभालीत ३ टक्के निघालं. फरक सांख्यिकीदृष्ट्या उरला नाही. व्यायामाच्या गटाला वर्षाअखेर सहा मिनिटांत सरासरी ३७९ मीटर चालता येत होतं. निरोगी माणूस तेवढ्या वेळात ५०० मीटर सहज ओलांडतो.

आणखी एक गोष्ट, आमच्या मते सर्वांत मोठी: रुग्ण निवडताना श्रमानंतरचा क्रॅश ही अट नव्हतीच. ज्या लक्षणाला व्यायामाने धोका, तेच लक्षण नसलेले लोकही आत होते. २००७ साली हे दोन्ही उपचार सुचवणाऱ्या नाइस या ब्रिटिश संस्थेने २०२१ च्या मार्गदर्शिकेत ठरावीक पायऱ्यांनी वाढणारा व्यायाम देऊ नये असं सांगितलं, आणि सीबीटी ही आजारासोबत जगायला मदत म्हणून ठेवली, उपचार म्हणून नाही.

‘विश्रांती घेतली की आजार वाढतो’

कारण नसताना महिनोन् महिने अंथरुणाला खिळून राहिल्याने हाडं, स्नायू आणि उभं राहण्याची सवय, तिन्ही जातात. पण या आजारात सुचवलं जाणारं पेसिंग म्हणजे अंथरूण धरणं नव्हे. आहे तेवढ्या शिल्लकीतच खर्च करणं एवढाच त्याचा अर्थ.

सुरुवात वहीने करावी. दोन आठवडे रोज चार रकाने: काय केलं, किती मिनिटं, बसून की उभं, आणि संध्याकाळी लक्षणं दहापैकी किती. नंतर प्रत्येक वाईट दिवसापासून दोन दिवस मागे बोट न्यावं. खर्च तिथे सापडतो. बहुतेकांना धक्का बसतो तो हा की अर्ध्या तासाचा फोन किंवा फॉर्म भरणं चालण्याइतकंच महाग पडलेलं असतं. मेंदूचं काम, आवाज, भावनांची ओढाताण, सगळं एकाच खात्यातून जातं.

मग ज्या प्रमाणात क्रॅश येत नाही ते शोधून त्याच्याही खाली राहायचं. वीस मिनिटांनी थकायला होत असेल तर बारा मिनिटांवर गजर. थकवा जाणवल्यावर थांबणं म्हणजे उशीर झालेला असतो, म्हणून थांबणं घड्याळावर ठेवायचं, अंगावर नाही. विश्रांती म्हणजे डोळे मिटून आडवं होणं. मोबाइल पाहत पडणं त्यात धरू नये. केस धुवायचे तर स्टुलावर बसून, कोमट पाण्याने, त्या दिवशी दुसरं मोठं काम न ठेवता.

नाडी मोजणारा पट्टा असेल तर ती किती चढू द्यायची याची मर्यादा ठरवायच्या दोन कामचलाऊ रीती आहेत. एक, २२० वजा वय, त्याचे ६० टक्के: चाळिशीत १०८. दुसरी जास्त कडक: सात दिवस सकाळी उठण्याआधीच्या नाडीची सरासरी, अधिक १५. सरासरी ७२ असेल तर ८७. पॉट्स असलेल्याची नाडी नुसतं उभं राहिल्यावरच यापुढे जाते, तेव्हा आधी तो उपचार. नाडी मंद करणारं बीटा-ब्लॉकर औषध चालू असेल तर हे आकडे निरुपयोगी. आणि मनगटावरचं घड्याळ काही सेकंद मागे असतं, जिना चढून झाल्यावर ते इशारा देतं.

सगळं बिघडतं ते चांगल्या दिवशी. तब्येत जरा उघडली की तुंबलेली कामं उरकली जातात, आणि आठवडा आडवा जातो. वाढ करायचीच तर दोन-तीन आठवडे क्रॅशशिवाय गेल्यावर, एकाच कामात, दोन-तीन मिनिटांची. पुढचे तीन दिवस वाट पाहायची, त्रास झाला तर विनातक्रार मागे यायचं. फिरणाऱ्या सल्ल्यात हे मागे येणंच नाही. तिथे मागे येणाऱ्याला ढिला म्हणतात.

‘अमुक बरे झाले, तुम्हीही व्हाल’

काही जण बरे होतात. २००५ सालच्या एका आढाव्यात अनेक अभ्यास एकत्र पाहता पूर्ण बरे होण्याचं मध्यक प्रमाण ५ टक्के आणि सुधारणेचं सुमारे ४० टक्के होतं. मुलांमध्ये चित्र बरंच आशादायक असतं. म्हणजे आशा ठेवायला जागा आहे, पण ‘मी हे केलं आणि उठलो’ यावरून उपाय सिद्ध होत नाही. नॉर्वेतलं रिटक्सिमॅब या औषधाचं प्रकरण पाहा: २०११ मध्ये ३० रुग्णांच्या चाचणीत औषध घेणाऱ्या १५ पैकी १० जणांना आराम, प्लासिबोवर (औषध नसलेल्या नकली उपचारावर) १५ पैकी २. सगळीकडे आशा पसरली. २०१९ मध्ये १५१ रुग्णांवर तेच तपासलं तेव्हा औषधाने २६ टक्क्यांना आराम पडला, प्लासिबोने ३५ टक्क्यांना. नीट आखलेल्या चाचणीलाही असा चकवा बसतो, तर एकट्याच्या अनुभवाचं काय.

म्हणून कुणी आपली वाट सांगितली की चार गोष्टी विचाराव्यात. निदान कुणी आणि कोणत्या निकषांवर केलं? क्रॅश येत होते का? सुधारणा आजाराच्या कितव्या महिन्यात सुरू झाली, आणि तेव्हा आणखी काय बदललं होतं, नोकरी, औषध, झोप? आणि आता एखाद्या दिवशी दुप्पट श्रम झाले तर तिसऱ्या दिवशी काय होतं?