काळं फासून लाल छत्री

"शाई संपली वाटतं," काका म्हणाले.

चार तास मान मोडून मी फोटोशॉपमध्ये ताईच्या फोटोतली छत्री तेवढी लाल ठेवली होती, बाकी सगळं कृष्णधवल. फर्माईश ताईची, हौस माझी, हे कबूल. पण चार तासांवर तीन शब्द? काका दुपारपासून माझ्या मागे खुर्ची ओढून बसले होते.

"आधी फोटो रंगीतच होता ना?"

"हो."

"मग तू रंग काढलास. आणि आता छत्रीला परत देतोयस."

"देत नाही, काका. खाली रंगीत फोटो तसाच आहे. त्याच्यावर कृष्णधवल लेयर, म्हणजे थर. त्या लेयरला मास्क, म्हणजे त्यातलं काय दिसावं, काय लपावं हे ठरवणारा पडदा. मास्कवर काळा ब्रश फिरवला की तेवढा भाग लपतो आणि खालचा लाल दिसतो."

काका बराच वेळ गप्प. मला वाटलं, पटलं.

"म्हणजे काळं फासलं की लाल होतं?"

"...हो."

"आणि पांढरं फासलं की?"

"परत काळंपांढरं."

"आणि करडं?"

करडं फासलं की रंग अर्धामुर्धा येतो. खरं उत्तर हेच, पण मी दिलं नाही. माणसाने स्वतःला जपावं.

फोटोशॉपमध्ये लेयर १९९४ साली आले. माझ्या डोक्यात अजून यायचेत. कीबोर्डवरचा एक्स दाबला की ब्रशच्या काळ्या-पांढऱ्याची अदलाबदल होते. मी दाबला की नाही हे विसरतो आणि पुन्हा दाबतो. एकदा तर मास्कऐवजी फोटोवरच ब्रश टेकला. ताईच्या कपाळावर हा एवढा डाग. काका म्हणाले, "हे मात्र ठळक आलंय."

छत्रीचं कापड सोपं असतं हो. जीव घेतात ती दांड्यावरची बोटं. ४०० टक्के मोठं करून पाहिलं तर नुसते चौकोन; बोट कुठे संपतं आणि दांडा कुठे सुरू होतो, हे त्यांनाही ठाऊक नसतं. त्यात छत्रीच्या कडेवर केसांची एक बट उडालेली. केस वाचवावे तर लाल कडा कुरतडल्यासारखी दिसते, कडा वाचवावी तर ताईने केसांना लाल रंग लावलाय असं वाटतं. त्या एका बटेत माझा पाऊण तास गेला. ती कुणालाही दिसलेली नाही.

"ओढणी कुठे गेली रे?"

इथे काका बरोबर होते, म्हणून जास्त राग आला. लाल ओढणी, मागे गडद हिरवं झुडूप. रंग काढल्यावर दोन्ही एकजीव. डोळ्याला हिरवा जास्त उजळ वाटतो, म्हणून रंगाचं राखाडी करायच्या नेहमीच्या सूत्रात हिरव्याला ५९ टक्के वजन, लालाला ३०, निळ्याला ११. भडक लाल आणि गडद हिरवा मग एकाच राखाडीवर येऊन बसतात. हे मी काकांना समजावलं. ते म्हणाले, "पण ओढणी कुठे गेली?"

रात्री ताईचा मेसेज आला: "मस्तच! आता मूळ रंगीत पण पाठव ना. फोनमधला जागेसाठी उडवला."

मूळ फोटोच्याच नावाने मी जेपेग सेव्ह केला होता. जेपेगमध्ये लेयर राहत नाहीत, सगळे मिळून एकच चित्र होतं. फाइलही तेव्हाच बंद केली होती.

काकांना सांगावं लागलं. त्यांनी खुर्ची पुन्हा ओढली.

"हं, घे रंगवायला. झुडूप हिरवं होतं."