‘टच ऑफ ईव्हिल’च्या बाकीच्या आवृत्त्याही हव्यात

‘टच ऑफ ईव्हिल’ या १९५८च्या चित्रपटाची फक्त १९९८ची आवृत्ती पाहा, बाकीच्या सोडून द्या, हे लेखातलं मत अजिबात पटलं नाही. ती उत्तम आहे, मान्य. युनिव्हर्सल स्टुडिओने संकलन दिग्दर्शक ऑर्सन वेल्सच्या हातून काढून घेतलं, दुसऱ्या दिग्दर्शकाकडून, हॅरी केलरकडून काही दृश्यं नव्याने करून घेतली. ते पाहून वेल्सने ५८ पानांचं टिपण लिहिलं, आणि त्याच्या आधारे संकलक वॉल्टर मर्चने ही आवृत्ती जुळवली. सुरुवातीचा तो तीन मिनिटांहून लांब सलग शॉटच घ्या. १९५८मध्ये त्यावर श्रेयनामावली आणि हेन्री मॅन्सिनीचं संगीत होतं. मर्चने दोन्ही काढलं. आता गाडीचा रेडिओ, क्लबांमधली गाणी एकमेकांत मिसळत येतात आणि बॉम्ब ठेवलेली गाडी जवळ आली की कानांनाही कळतं. काय ताण येतो!

पण मॅन्सिनीचा तो बाँगोचा ठेका का गमवायचा? शिवाय मर्चचं काम १९८५ साली वेल्स गेल्यानंतरचं. त्याला अंतिम वेल्स म्हणता येत नाही. २००८ची डीव्हीडी, २०१४ची ब्लू-रे, २०२२ची फोर-के, तिन्हींत तिन्ही आवृत्त्या आहेत: १९५८ची, प्रदर्शनाआधीची चाचणी आवृत्ती आणि १९९८ची. १९९८ची आधी पाहा, मग १९५८ची नक्की लावा.