गिझरमधलं अंडं

पंधरा दिवस कोकणात काढून परवा रात्री घरी आलो. सकाळी गिझर लावला, नळ सोडला. नळ आधी खाकरला, मग थुंकला. पहिला तांब्या डोक्यावर ओतल्यावर कळलं की पाण्याला नासक्या अंड्याचा वास आहे.

वास डक्टमधून वर गेला आणि वरचे काका जिन्याने खाली आले.

"अंडी शिजवताय?"

"बाथरूममध्ये, काका?"

"हल्ली लोक कुठेही काहीही शिजवतात."

टॉवेल सावरत मी समजावू लागलो. गिझरची टाकी गंजू नये म्हणून आत मॅग्नेशियमचा रॉड असतो, टाकीच्या वाटचं झिजणं तो झिजतो. झिजताना पाण्यातून हायड्रोजन सुटतो. एक ग्रॅम मॅग्नेशियम गेलं की जवळजवळ एक लिटर.

"हायड्रोजन? बॉम्बवाला?"

"हा साधा. याला वासही नसतो."

"नसतो, तर मग येतोय तो कसला?"

"बोअरच्या पाण्यातल्या जिवाणूंमुळे. ते हायड्रोजन खातात आणि पाण्यातल्या सल्फेटचा हायड्रोजन सल्फाइड करतात."

काका थोडा वेळ गप्प राहिले. "म्हणजे तुमच्या गिझरमध्ये कोणीतरी काहीतरी खातंय, हे तुम्ही कबूल करताय."

इथे मी दार लावायला हवं होतं. पण एमएस्सीची खाज. म्हटलं, काका, रॉड झिजून जो पांढरा गाळ होतो ना, तो मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड. तुम्ही रात्री पोट साफ व्हायला दोन चमचे घेता, तेच ते! काका ज्या नजरेने बघत गेले, ती नजर अजून पाठीवर आहे. आम्ही अंडी खातो, नाही असं नाही. पण नासकी नाही खात, हो.

मेकॅनिक दुपारी आला. आतून रॉड म्हणून जे निघालं ती उदबत्तीच्या काडीएवढी लोखंडी तार, वर चुन्यासारखी खपली. गंमत अशी की असल्या रॉडचं साधारण निम्मं मॅग्नेशियम टाकीच्या कामी येतच नाही, नुसतं हायड्रोजन काढण्यात जातं. त्यातही टाकीला वाचवताना रॉडमधून जी बारीकशी वीज वाहते, ती वाढली की रॉडवरचा हायड्रोजन कमी व्हायला हवा, तर मॅग्नेशियमच्या बाबतीत उलट वाढतो. माझ्या खर्चासारखा.

"दरवर्षी बघायचा असतो हा," मेकॅनिक म्हणाला. दरवर्षी! गिझर विकताना सगळे टाकीच्या वॉरंटीचं कौतुक सांगतात. ती वॉरंटी या काडीच्या जिवावर आहे हे एकानेही सांगितलं नाही. अॅल्युमिनियम-झिंकचा रॉड मिळेल का विचारलं, वास तरी कमी होईल. "तसला येत नाही आपल्याकडे." व्हिजिटचे पैसे वेगळे. पुन्हा मॅग्नेशियमच बसलं.

जाताना त्याने बजावलं, बरेच दिवस गिझर बंद असला तर आधी गरम नळ जरा वेळ सोडून ठेवायचा, जवळ काडी ओढायची नाही, आत साठलेला हायड्रोजन पेटतो. अर्धा दिवस उशीर झाला होता, तरी मान डोलावली.

संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर सूचना आली : 'अंड्यांची टरफले ओल्या कचऱ्यात टाकावीत, बाथरूममध्ये नव्हे.' खाली काकांचा अंगठा.