स्टेंट गंजत नाही, आणि सोन्याने मढवला तरी सुधारत नाही

जळगाव, धुळे आणि नंदुरबारकडच्या घरगुती व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचा आशय असा: हृदयाच्या नसेत बसवलेली जाळी, म्हणजे स्टेंट, लोखंडाची असते, रक्तात राहून तिला गंज चढतो आणि ठिबकची नळी क्षाराने बुजावी तशी नस पुन्हा बुजते, महाग परदेशी स्टेंट गंजत नाही, म्हणून योजनेतला ‘हलका’ स्टेंट घेऊ नये, जमल्यास विरघळणारा घ्यावा, आणि स्टेंट औषधाचा, म्हणजे स्वतःवरचे औषध हळूहळू सोडणारा असेल तर वर्षभर गोळ्या खाण्याचे कारण नाही. स्टेंटच्या धातूचा आणि नस पुन्हा अरुंद होण्याचा संबंध आहे, हे खरे. परंतु या मजकुरात सांगितला आहे तो संबंध नव्हे.

आधी गंजाविषयी. सुरुवातीचे बहुतेक स्टेंट ३१६ एल या जातीच्या स्टेनलेस स्टीलचे होते. त्यात १६ ते १८ टक्के क्रोमियम असते आणि त्याच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर पृष्ठभागावर आपोआप तयार होऊन धातूचे रक्षण करतो. ठिबकच्या नळीची उपमा आपल्या भागात चटकन पटते, कारण बुजलेली नळी आम्ल सोडून मोकळी करण्याचे काम इथल्या केळीच्या बागांतून नेहमीचे आहे. मात्र नळी निर्जीव असते आणि धमनीची भिंत जिवंत असते. फुगा फुगवून स्टेंट बसवताना त्या भिंतीला इजा होते, ती भरून काढण्यासाठी भिंतीतील स्नायुपेशी वाढतात, आतल्या बाजूला सरकतात आणि स्टेंटच्या तारांवर नव्या ऊतीचा थर चढवतात. हा थर प्रमाणाबाहेर वाढला की पोकळी पुन्हा अरुंद होते. औषध नसलेल्या स्टेंटमध्ये हे प्रामुख्याने पहिल्या सहा ते नऊ महिन्यांत घडते. कारण गंज असता, तर हे प्रमाण वर्षागणिक वाढत गेले असते. पुढे काही वर्षांनी त्या थरात चरबी साठूनही अडथळा येऊ शकतो, पण तोही गंज नव्हे. मधुमेह असलेल्यांत, बारीक धमनीत, लांब स्टेंट लागल्यास किंवा स्टेंट पुरेसा उघडला नसल्यास धोका वाढतो. या स्टीलमध्ये असलेल्या निकेलची अ‍ॅलर्जी आणि अरुंदीकरण यांचा संबंध २००० साली जर्मनीतील एका छोट्या अभ्यासात दिसला होता. मजकुरातील भीतीला जवळची म्हणता येईल अशी ही एकच गोष्ट, आणि तिचाही गंजाशी संबंध नाही.

मग धातूने फरक पडतो तो कुठे? मुख्यतः तारेच्या जाडीत. जाड तार भिंतीला अधिक इजा करते आणि रक्ताच्या प्रवाहात अधिक व्यत्यय आणते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन चाचणीत जवळपास सारख्याच घडणीचे दोन स्टीलचे स्टेंट तपासले गेले. तारेची जाडी सुमारे ५० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असलेल्या स्टेंटमध्ये अरुंदीकरण १५ टक्के रुग्णांत आढळले, तर सुमारे १४० मायक्रॉनच्या स्टेंटमध्ये २५.८ टक्क्यांत. कोबाल्ट-क्रोमियमचे महत्त्व इथेच आहे: तो स्टीलपेक्षा मजबूत असल्यामुळे तार ८० मायक्रॉनच्या आसपास पातळ करूनही जाळी धमनी उघडी धरून ठेवते, आणि क्ष-किरणांत ती नीट दिसते.

आता सोने. जळगावला सुवर्णनगरी म्हणवून घेणाऱ्या आपल्यासारख्यांना हे ऐकणे जड जाईल, पण सोन्याचा मुलामा दिलेले स्टेंट खरोखर वापरले गेले होते. सोने गंजत नाही, क्ष-किरणांत ठळक दिसते आणि शरीराला उपद्रव देणार नाही, अशी अपेक्षा होती. २००० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याच घडणीच्या साध्या स्टीलच्या स्टेंटमध्ये अरुंदीकरण ३८.१ टक्के रुग्णांत दिसले आणि सोन्याच्या मुलाम्याच्या स्टेंटमध्ये ४९.७ टक्क्यांत! गंजाचा सिद्धांत खरा असता, तर निकाल नेमका उलटा लागायला हवा होता.

सर्वांत मोठा फरक धातूने नव्हे, त्याच्यावरील औषधाने पडला. २००२ च्या एका चाचणीत पेशींची वाढ रोखणारे सिरोलिमस हे औषध सोडणाऱ्या स्टेंटमध्ये सहा महिन्यांनी अरुंदीकरण शून्य, तर साध्या स्टेंटमध्ये २६.६ टक्के होते. नंतरच्या रोजच्या वापरात ते शून्य राहिले नाही, पण बहुतांशी दहा टक्क्यांच्या आत आले.

परदेशी आणि महाग म्हणजे चांगला, या समजुतीला उत्तर आपल्या शेजारीच आहे. भुसावळहून रेल्वे थेट सुरतेला जाते, आणि त्याच सुरतेतील कंपनीचा ६० मायक्रॉन तारेचा औषधी स्टेंट युरोपातील १,४३५ रुग्णांच्या चाचणीत नावाजलेल्या अमेरिकी स्टेंटसमोर ठेवला गेला. २०१९ साली निकाल आला: एका वर्षात स्टेंट बसवलेल्या जागेशी निगडित अपयश भारतीय स्टेंटमध्ये ४.९ आणि अमेरिकी स्टेंटमध्ये ५.३ टक्के, म्हणजे भारतीय स्टेंट कमी ठरला नाही. किमतीचे म्हणाल, तर फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने साध्या स्टेंटला ७,२६० आणि औषधी स्टेंटला २९,६०० रुपयांची मर्यादा घातली, देशी-परदेशी असा भेद न करता.

विरघळणाऱ्या स्टेंटबद्दल थोडक्यात. पॉलिलॅक्टिक आम्लाचा असा स्टेंट अमेरिकेत जुलै २०१६ मध्ये मंजूर झाला आणि कंपनीने २०१७ मध्ये त्याची विक्री थांबवली. धातूइतकी ताकद यावी म्हणून त्याच्या तारा सुमारे १५० मायक्रॉन जाड ठेवाव्या लागल्या होत्या, आणि त्यात रक्ताची गाठ होण्याचे प्रमाण धातूच्या स्टेंटपेक्षा अधिक निघाले.

गोळ्यांविषयीचे विधान सर्वांत घातक आहे. स्टेंटवरचे औषध पेशींची वाढ रोखते, म्हणून तारांवर नैसर्गिक अस्तर चढायलाही उशीर होतो, आणि तोवर उघड्या तारांवर गाठ होऊ नये यासाठी अ‍ॅस्पिरिनच्या जोडीला क्लोपिडोग्रेलसारखी गोळी दिली जाते: स्थिर आजारात साधारणपणे सहा महिने, हृदयविकाराच्या झटक्यानंतर साधारणपणे बारा महिने, आणि रक्तस्रावाचा धोका पाहून डॉक्टर ही मुदत कमी-अधिक करतात. अरुंदीकरण महिनोन्महिने हळूहळू होते आणि बहुधा चालताना छाती भरून येण्याने जाणवते. स्टेंटमधील गाठ मात्र काही मिनिटांत नस पूर्ण बंद करू शकते.